दोषनोंद, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील (ग्रामीण विदर्भातील वापरकर्ते)

सॉफ्टवेअर वापरताना आलेली अडचण ते सांभाळणाऱ्यांना तपासता येईल अशा रूपात कळवणे म्हणजे दोषनोंद. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची मूळ संहिता (सोर्स कोड) सर्वांना खुली असते आणि पुष्कळदा स्वयंसेवकच ते सांभाळतात. त्यामुळे बहुतेक दुरुस्त्यांची सुरुवात वापरकर्त्याच्या नोंदीपासून होते.

उगम : प्रथेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. आयबीएमच्या संगणकांचे वापरकर्ते १९५५ मध्ये ‘शेअर’ या संघटनेत एकत्र आले व प्रोग्राम आणि त्यांतील त्रुटींची देवाणघेवाण करू लागले. काही अभ्यासक तेथूनच आरंभ धरतात. दुसरे मत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाला अग्रक्रम देते. मात्र आजच्या अर्थाने दोषनोंद म्हणायची, तर प्रत्येक तक्रारीला क्रमांक हवा, ती कोणालाही वाचता यावी आणि तिचा निकालही उघडपणे लागावा. हे निकष लावल्यास डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची १९९४ च्या सुमाराची ई-मेलवर चालणारी नोंदवही आणि नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेतून १९९८ मध्ये खुली झालेली बगझिला ही दोषनोंदवही, हेच टप्पे निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही दोष उथळ ठरतो, हे प्रोग्रामर एरिक रेमंड यांचे १९९७ मधील प्रतिपादन पुढे फार उद्धृत झाले. तथापि इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१२ पासून २०१४ पर्यंत सर्वांदेखत पडून होता. संहिता खुली असणे आणि कोणीतरी ती पाहून बोलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदीचे स्वरूप : वापरकर्ता परिणामाचा साक्षीदार असतो, कारणाचा नव्हे. ‘फाइल उघडूनच नाही राह्यली’, ‘हँग होऊन राह्यलं’ ही वऱ्हाडातील नेहमीची वाक्ये साक्ष म्हणून खरीच असतात. त्यांमागे जोडलेला ‘व्हायरस आला असन’ हा तर्क मात्र वेगळा काढून ठेवावा लागतो. कोणती कृती केली, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आवृत्ती कोणती, एवढे चार मुद्दे मिळाले की तपास सुरू होतो. ते पहिल्याच निरोपात येतील अशी अपेक्षा धरू नये. विचारल्यावर ते बहुधा मिळतात.

परिणाम दिसतो पण कारण दिसत नाही, ही अडचण मराठी मजकुराच्या तक्रारींत ठळकपणे जाणवते. समजा, ग्रामपंचायतीच्या यादीत ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द शोधला असता समोर दिसत असूनही सापडत नाही. ऑपरेटर कळवतो, ‘सर, सर्च चालूनच नाही राह्यलं.’ सांभाळणारा तोच शब्द स्वतः टंकून पाहतो, त्याला तो सापडतो आणि नोंद बंद होते. वस्तुतः दोघेही बरोबर असतात. युनिकोड या प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो (कंसात संकेतांक) : ऱ (०९३१), हलन्त (०९४डी) व य (०९२एफ) हा एक क्रम, र (०९३०), हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (२००डी) व य हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पण केवळ संकेतांची तुलना करणाऱ्या शोधाला ते भिन्न शब्द वाटतात. यादी एका कळफलकावर टंकलेली व शोध दुसऱ्यावर, एवढे निमित्त पुरते. अशा वेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो निरुपयोगी ठरतो, कारण फरक फोटोत दिसतच नाही. मूळ फाइलच लागते. त्यातील व्यक्तिगत नावे आधी काढावीत. उलट, इंग्रजी त्रुटिसंदेश कळवायचा असेल तर फोटोइतके भरवशाचे साधन नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड फाँट लावताच विसंगत अक्षरांत दिसतो. ही तक्रारही सतत येते, पण तो त्या सॉफ्टवेअरचा दोष नसतो.

मध्यस्थ : गावपातळीवर अडचण आलेली व्यक्ती आणि नोंद करणारी व्यक्ती बहुधा वेगळ्या असतात. आशाताई किंवा शेतकरी सांगतात. सेवा केंद्राचा ऑपरेटर, शाळेतील सर किंवा मोबाइल दुरुस्त करणारा ऐकतो. यातच अर्धा तपशील गळतो. अनेकदा ॲप काढून पुन्हा टाकले जाते. काम चालू होते आणि पुरावा नाहीसा होतो. म्हणून खेड्यांतून नोंदी कमी येतात, यावरून सॉफ्टवेअर तेथे नीट चालते असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

अंगणवाड्यांचा अनुभव बोलका आहे. त्यांची आधीची मोबाइल प्रणाली कॉमकेअर या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी होती. २०२१ मध्ये तिच्या जागी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. निकृष्ट व अपुऱ्या क्षमतेचे मोबाइल आणि ॲपमधील इंग्रजी या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. हे आंदोलन होते हे खरेच. पण आवृत्ती, उपकरण आणि अपेक्षित वर्तन या तिन्ही अंगांनी पाहिल्यास ती नेमकी दोषनोंदही होती, आणि तशी ती वाचली जायला हवी.

मेळघाटातील धारणी-चिखलदरा किंवा गडचिरोलीतील भामरागड-एटापल्ली भागांत नेटवर्क तुटक असते. ओडीके कलेक्टसारखी साधने फॉर्म मोबाइलमध्ये साठवून नंतर पाठवतात. त्यामुळे ‘फॉर्म गेला नाही’ या तक्रारीत भरल्याची तारीख, पाठवल्याची तारीख आणि मोबाइलचे घड्याळ या तिन्ही गोष्टी विचाराव्या लागतात. कोरकू, माडिया व गोंडी भाषकांची अडचण मराठीत येऊन मगच इंग्रजी नोंदीत पोचते.

प्रतिसाद : ग्नू प्रकल्पाच्या परवान्यासह बहुतेक मुक्त परवान्यांत सॉफ्टवेअर कोणत्याही हमीविना दिल्याचे कलम असते. नोंद करणाऱ्याला दुरुस्तीचा हक्क त्यातून मिळत नाही. पोच व प्रश्न यांची अपेक्षा मात्र रास्त आहे. सुरक्षेशी निगडित दोष उघड नोंदवहीत न टाकता प्रकल्पाने दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवतात. पूरक माहिती न आल्यास काही प्रकल्प ठरावीक मुदतीनंतर नोंद बंद करतात. ऑपरेटर आठवडी बाजाराच्या दिवशीच त्या गावात जात असेल, तर ही मुदत उत्तर येण्याआधीच संपू शकते; तसे आधीच नोंदीत लिहिल्यास ती उघडी ठेवता येते.