पूलच्या क्यूवरची नक्षी: सुताराच्या सांध्यापासून जडावकामापर्यंत

पूल हा बिलियर्ड्सच्या घराण्यातला टेबलावरचा खेळ, आणि क्यू म्हणजे तो खेळायची लांब काठी. हाताने घडवलेला अमेरिकी पूल क्यू समोर आला की नजर आधी नक्षीवरच जाते. काळ्याभोर आबनुसात बसवलेले शिंपल्याचे तुकडे, चांदीच्या बारीक कड्या, पुढच्या भागात वर चढत गेलेली चार अणकुचीदार टोकं आणि त्यांच्या कडेने धावणाऱ्या रंगीत व्हिनियरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या, रेषा. यातली ती टोकं मुळात नक्षी नव्हतीच. तो सुताराचा सांधा होता. या कलेचा इतिहास त्या सांध्यापासून सुरू होतो, आणि तिची पारखही तिथूनच करावी असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या मिंगो यांनी क्यूच्या टोकाला चामड्याची टिप बसवण्याची पद्धत रूढ केली. चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली आणि साध्या काठीकडून नेमकेपणाची अपेक्षा होऊ लागली. मागे हाताशी वजन हवं, पुढे हलकं, सरळ, ताठ लाकूड हवं. म्हणून मागे शिसव किंवा आबनूस आणि पुढे मेपल. पण दोन लाकडं नुसती टोकाला टोक लावून चिकटवली तर पहिल्या जोरकस फटक्याला तिथेच मोडणार. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही लाकडांना लांब चिरा देऊन, दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तशी ती एकमेकांत बसवणं. त्यामुळे सरसाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. हा गुंफलेला सांधा कातून गोल केला की बाहेरून टोकं दिसतात. १८४५ साली सिनसिनाटीत सुरू झालेल्या ब्रन्सविक कंपनीने असे क्यू मोठ्या प्रमाणावर बनवले. तिचा ‘टायटलिस्ट’ क्यू अमेरिकेतल्या पूल हॉलच्या भिंतींवर सर्रास लटकत असे.

शिकागोचे हर्मन रॅम्बो याच कंपनीत तयार झालेले कारागीर. विली हॉपीसारख्या बिलियर्ड्समधल्या दिग्गजांसाठी त्यांनी स्क्रूने जोडायचे दोन भागांचे क्यू बनवले. खेळाडूचा स्वतःचा, त्याच्या हाताला बेतलेला क्यू ही कल्पना त्यांच्यामुळे पक्की झाली.

मग आले जॉर्ज बालाबुश्का. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस १९२४ मध्ये अमेरिकेत आला आणि लाकूडकामावर जगला. १९५९ पासून ब्रुकलिनमध्ये त्यांनी क्यू बनवायला घेतले. सुरुवातीला ते टायटलिस्टचाच क्यू कापून त्यातून नवा घडवत. पुढे शिकागोच्या बर्टन स्पेन यांनी आणि नंतर गस झाम्बोटी यांनी तयार केलेले सांधे त्यांनी वापरले. १९७५ साली ते गेले. तोपर्यंत त्यांच्या हातून साधारण हजार ते बाराशे क्यू घडले, असा अंदाज आहे. नक्षी मोजकीच: शिंपल्याचे ठिपके, छोटे चौकोन, रंगीत कड्या. पण वजनाचा तोल असा साधलेला, की नामांकित खेळाडू त्यांच्याकडेच जात. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने त्यांचं नाव पूल न खेळणाऱ्यांपर्यंतही पोचवलं. पडद्यावरचा क्यू मात्र तसा दिसणारा जॉस कंपनीचा होता, कारण खरा बालाबुश्का मोडण्याचा धोका कोण घेणार?

जडावकामाला खरा बहर आणला तो लॉस एंजेलिसच्या अर्नी गुटिएरेझ यांनी. मूळचे फर्निचर बनवणारे गुटिएरेझ १९६० च्या दशकात ‘जिनाक्यू’ नावाने काम करू लागले आणि क्यूच्या बटाकडे, म्हणजे मागच्या जाड भागाकडे, ते दागिन्यासारखं पाहू लागले. हस्तिदंत, चांदी, शिंपला, दुर्मिळ लाकडं, सगळं त्यात आलं.

हे काम किती अवघड आहे, ते सांगायलाच हवं. शिंपला सपाट आणि पातळ, तर क्यू गोल आणि निमुळता. तुकडा जास्त रुंद घेतला, तर कातताना त्याच्या कडा झिजून नाहीशा होतात. कोरायचं पातं गोल फिरतं, त्यामुळे खोबणीचे कोपरे गोलसर राहतात. ते छोट्या छिन्नीने हाताने टोकदार करावे लागतात. सांध्याच्या टोकांचं तर आणखी कठीण: खाच केसभर खोल गेली की टोक बरंच वर सरकतं आणि चारही टोकं एका रेषेत येत नाहीत. शिवाय लाकूड एकदम कातत नाहीत. थोडं कातायचं, टांगून ठेवायचं, वाकतंय का पाहायचं, मग पुन्हा थोडं कातायचं. यात महिने जातात, कधी वर्षंही.

संगणकावर चालणारी कोरीवयंत्रं आल्यावर टोकंसुद्धा नुसती जडवता येऊ लागली. अशी टोकं हाताने साफ केली नाहीत तर शेंड्याला किंचित गोल दिसतात. खऱ्या सांध्याचं टोक सुईसारखं असतं. गंमत म्हणजे स्नूकरच्या क्यूत याच्या उलट खूण असते. पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकल्यापासून आपल्याकडे ज्या घराण्याचे क्यू परिचित आहेत, त्या ॲश नावाच्या लाकडाच्या आणि आबनुसाच्या क्यूत हाताने केलेला सांधा कमानीसारखा गोल उमटतो आणि यंत्राचा अणकुचीदार. यंत्राला मी कमी लेखत नाही. त्याच्यामुळे पूर्वी अशक्य वाटणारी नक्षी शक्य झाली. पण खाली सांधा आहे की नुसती सजावट, हे बनवणाऱ्याने सांगायलाच हवं, कारण किंमत त्यावर ठरते.

हस्तिदंताचा काळ आता सरला आहे. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली आणि २०१६ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत व्यापारही जवळपास बंद केला. हत्तींसाठी हे व्हायलाच हवं होतं. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या प्रजातींच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, त्यात आपल्या पश्चिम घाटातला शिसवही आला. आजचे कारागीर फेरूल (टिपेखालची कडी) आणि जडावासाठी कृत्रिम राळ वापरतात. जुने हस्तिदंती क्यू संग्राहकांकडे आहेत, पण कागदपत्रांशिवाय ते देशाच्या सीमेपलीकडे नेता येत नाहीत.