डीबीटीला नाव नोंदवण्याआधी

हे पत्रक तुमच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या फाइलवर बहुधा 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असं लिहिलेलं आहे आणि डॉक्टरांनी 'डीबीटी करून बघा' असं सुचवलंय. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. काम वर्षभराचं आहे आणि सोपं नाही. दोन महिन्यांत कंटाळून सोडण्यापेक्षा आधीच सगळं कळलेलं बरं, म्हणून कष्टाच्या गोष्टीही इथे लपवलेल्या नाहीत.

आधी नावाबद्दल. 'बॉर्डरलाइन म्हणजे थोडासाच आजार ना?' असं बरेच जण विचारतात. तसं नाही. १९३८ साली अडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, कारण हे रुग्ण न्यूरोसिस (चिंता, भीती असे वास्तवाचं भान शाबूत ठेवणारे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवर असतात असा तेव्हा समज होता. तो समज मागे पडला, नाव मात्र चिकटून राहिलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत या विकाराला अधिकृत जागा मिळाली. निदानासाठी नऊ लक्षणं धरतात: आपल्याला सोडून जातील ही जिवाची भीती, आज देव आणि उद्या दानव अशी टोकाची नाती, 'मी नक्की कोण' हेच न उमगणं, पैसा, नशा किंवा वाहन यांच्याबाबत बेफामपणा, स्वतःला इजा करणं किंवा जीव देण्याचे विचार, तासातासाला पालटणारा मूड, आतलं रितेपण, अनावर राग, आणि ताणाच्या वेळी संशय येणं किंवा सगळं बधिर, परकं वाटणं. यातली किमान पाच, तीही वर्षानुवर्षं आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या भागांत दिसली तरच निदान होतं. ही यादी वाचून स्वतःच्या (किंवा सुनेच्या) नावापुढे बरोबरच्या खुणा करू नका. निदान मानसोपचारतज्ज्ञांना करू द्या.

'नाटकं करते', 'लक्ष वेधून घेतो' ही वाक्यं आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ऐकलेली असतात. ही थेरपी ज्यांनी घडवली त्या मार्शा लिनेहान यांनी अशा माणसाची तुलना अंगभर भाजलेल्या रुग्णाशी केली आहे. इतरांना नुसता स्पर्श वाटतो तिथे त्याला आग होते. त्यांच्या मांडणीनुसार दोन गोष्टी जुळून येतात. काही माणसं जन्मतःच भावनेला लवकर आणि जोरात पेट घेणारी असतात, आणि विझायलाही त्यांना वेळ लागतो. त्यात भोवतालची माणसं 'एवढं काय त्यात?' म्हणत राहिली, की भावना ओळखायची कशी आणि शमवायची कशी हे शिकायचंच राहून जातं. यात दरवेळी कुणी दुष्ट असावं लागतं असं नाही. शांत स्वभावाच्या घरात एकच मूल वादळी निघालं तरी हे घडतं. जे शिकायचं राहिलं ते आता शिकता येतं, या एका गृहीतकावर पुढचं सगळं उभं आहे.

लिनेहान सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांना त्या सुरुवातीला नेहमीची वर्तनोपचार पद्धत लावून बघत. 'हे बदला, ते बदला' म्हटलं की रुग्णांना वाटे, म्हणजे सगळी चूक आमचीच. नुसतं ऐकून घेतलं तर वाटे, आम्ही एवढ्या त्रासात आहोत आणि या काहीच करत नाहीत. मग त्यांनी दोन्ही एकत्र आणलं. स्वीकाराची बाजू त्यांनी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतली. 'डायलेक्टिकल' म्हणजे हेच: उलट वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही जमेल तेवढं करताय, आणि तुम्हाला आणखी करावं लागणार आहे. या वाक्यात 'पण' नाही, 'आणि' आहे. आमच्या थेरपिस्टकडून तुम्ही हा 'आणि' इतक्यांदा ऐकाल की पुढेपुढे त्याची चेष्टा कराल. खुशाल करा. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या होत्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आठवड्यातून एकदा तुमच्या थेरपिस्टसोबत स्वतंत्र भेट असते. आठवड्यातून एकदा कौशल्यांचा गट भरतो, साधारण दोन ते अडीच तास. हा गट मन मोकळं करण्यासाठी नसतो. तो वर्गच आहे: फळा, वही, गृहपाठ. इतरांसमोर आपल्या जखमा उघडाव्या लागतील या भीतीने जे अडतात त्यांनी निश्चिंत असावं, उलट तिथे ते करायचंच नसतं. पूर्ण अभ्यासक्रम २४ आठवड्यांचा असतो आणि सहसा तो दोनदा करतात. पहिल्या फेरीत समजतं, दुसऱ्या फेरीत अंगवळणी पडायला लागतं. तिसरी गोष्ट फोनची, तिच्याबद्दल पुढे येईलच. चौथी तुम्हाला दिसणार नाही: थेरपिस्टही दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांना सावरतात. या कामात थेरपिस्टही दमतात आणि चिडतात. तशी टीम नसेल तर ती पूर्ण डीबीटी नव्हे. दुसरीकडे कुठे चौकशी करणार असाल तर हे नक्की विचारा.

रोज रात्री एक डायरी कार्ड भरायचं असतं. सात दिवसांचे रकाने, त्यात भावना किती तीव्र होती ते शून्य ते पाच, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी किती होती, प्रत्यक्ष काही केलं का, कोणतं कौशल्य वापरलं. तीन-चार मिनिटांचं काम. सगळ्यात जास्त टाळाटाळ याचीच होते. कोरं कार्ड घेऊन आलात तर रागावणार नाही, पण भेटीची पहिली दहा मिनिटं तुमच्याबरोबर बसून तेच भरू. भेटीत कोणता विषय घ्यायचा हेही कार्डावरून ठरतं. जिवाला धोका असेल तर तो पहिला, मग थेरपीत अडथळा आणणाऱ्या गोष्टी, त्यानंतर बाकीचं आयुष्य. बॉसशी झालेलं भांडण कितीही ताजं असलं तरी त्याला रांगेत उभं राहावं लागतं.

नको ते घडून गेलं की त्याची साखळी मांडायची. एक बेतलेलं, पण अगदी रोजचं उदाहरण घ्या. संध्याकाळी ७:४० ला मैत्रिणीला मेसेज पाठवला. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. ८ वाजता मनात आलं, 'तिला मी नकोशी झालेय.' छातीत दाटून आलं, हात गार पडले. मग ओळीने चौदा फोन. तिने वैतागून उचलला, 'काय लावलंय हे?' त्यावर तोंडाला येईल ते बोलणं, नंबर ब्लॉक. सकाळी लाजेने उठवेना. थेरपिस्ट विचारतील, आदल्या रात्री झोप किती झाली होती? तीन तास. दुपारी जेवलात? नाही. म्हणजे साखळी मेसेजच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. मग एकेक कडी हातात घेऊन बघायचं, ही इथे कशी तोडता आली असती. ८ वाजता 'उत्तर आलेलं नाही' हे वास्तव होतं, 'नकोशी झालेय' हा अर्थ आपण लावलेला होता. चौदाव्या फोनला हे सुचत नाही, पहिल्या फोनआधी सुचू शकतं.

या कड्या तोडायची हत्यारं गटात शिकवतात. सजगता, म्हणजे मनात काय चाललंय ते त्यात वाहून न जाता बघणं. संकट सोसणं, म्हणजे परिस्थिती आज बदलणार नसेल तर ती आणखी न बिघडवता रात्र काढणं. भावनांचं नियमन, आणि माणसांशी वागणं: मागणं कसं मागावं, 'नाही' कसं म्हणावं. एक युक्ती अनेकांना चटकन उपयोगी पडते. भावना डोक्यात गेली की श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवायचा, साधारण ३० सेकंद. पाण्यात बुडी मारताना शरीर आपोआप नाडी मंद करतं, तीच यंत्रणा इथे कामाला येते. हृदयविकार असेल, नाडी मंद असेल, नाडी मंदावणारी औषधं चालू असतील किंवा खाण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

फोनचा नियम नीट वाचा. दोन भेटींच्या मध्ये ऊर्मी आली, कौशल्य सुचेना, तर थेरपिस्टला फोन करायचा. पाच-दहा मिनिटं, 'आत्ता काय करू' एवढ्यापुरतं. मात्र स्वतःला इजा करून झाल्यानंतर २४ तास हा फोन मिळत नाही. जिवाला धोका आहे का, वैद्यकीय मदत हवी का, एवढं तेव्हाही पाहिलं जातं. ही शिक्षा वाटते, पहिल्यांदा वाचताना आम्हालाही वाटली होती. हेतू असा की मायेचा आवाज ऐकण्यासाठी इजा करावी लागू नये. फोन आधी करा, हवा तेव्हा करा. दुसरा नियम: गटाला किंवा भेटीला सलग चार वेळा गैरहजर राहिलात तर ठरलेला कालावधी संपेपर्यंत उपचार थांबतो.

औषधांबद्दल: खास या विकारासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही. सोबत नैराश्य किंवा दुसरा काही त्रास असेल तर डॉक्टर त्यासाठी गोळ्या देतात. त्या थेरपी सुरू झाली म्हणून स्वतःहून बंद करू नका.

फरक पडतो का? १९९१ च्या पहिल्या चाचणीत डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांनी स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले, त्या थेरपीत टिकल्या आणि रुग्णालयात कमी दिवस राहिल्या. २००६ मध्ये अनुभवी थेरपिस्टांच्या उपचाराशी तुलना केली, तेव्हा डीबीटीच्या गटात आत्महत्येचे प्रयत्न दुसऱ्या गटाच्या साधारण निम्मे होते. तरी हा एकच रस्ता आहे असं आम्ही म्हणणार नाही. २००९ मध्ये कॅनडात मानसोपचारतज्ज्ञांच्या सुसूत्र देखरेखीशी तुलना झाली, आणि वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. स्कीमा थेरपी (लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम) किंवा मेंटलायझेशनवर (स्वतःच्या आणि इतरांच्या मनात काय चाललंय ते ओळखणं) आधारित उपचारही या विकारासाठी वापरतात. आधी बेफामपणा आणि इजा कमी होते, रितेपण सगळ्यात शेवटी हलतं. सहाव्या महिन्यात 'मी आता काही करून घेत नाही, पण आत अजून पोकळच आहे' असं वाटलं तर थेरपी फसली असं समजू नका.

घरच्यांना एकच विनंती. 'शांत हो' म्हणण्याआधी 'तुला याचा फार त्रास झालेला दिसतोय' म्हणा. त्याचं वागणं पटलं असं त्यातून होत नाही, त्याची भावना तुम्हाला दिसली एवढंच होतं.

पहिल्या तीन-चार भेटींत फक्त ठरवाठरवी असते: तुम्हाला कसं आयुष्य हवंय आणि वर्षभर टिकायची तयारी आहे का. त्यानंतर 'नको' म्हणालात तरी चालेल. येताना जुनी कागदपत्रं, चालू औषधांची यादी आणि एक वही आणा. जीव द्यावा असं आत्ता वाटत असेल तर आमच्या भेटीच्या तारखेची वाट बघू नका. जवळच्या माणसाला आत्ताच सांगा, त्याला सोबत घ्या आणि थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. आमची तारीख नंतर लावून देऊ.