निविदा जाहीर झाली म्हणजे स्पर्धा खुली झाली का?

‘निविदेची जाहिरात प्रसिद्ध झाली की स्पर्धा आपोआप खुली ठरते’ असा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. हा समज स्वाभाविक आहे, कारण जाहिरात सर्वांना दिसते आणि अटींची पुस्तिका फारसे कोणी उघडत नाही. जाहिरातीमुळे माहिती सर्वांपर्यंत पोहोचते. निविदा भरण्यास पात्र कोण, हे मात्र पात्रतेच्या अटी आणि तांत्रिक तपशील ठरवतात.

खुर्च्यांच्या खरेदीचे उदाहरण घेऊ. बैठकीची उंची ‘430 ते 460 मिलिमीटर’ असावी असे लिहिले, तर अनेक उत्पादकांना भाग घेता येतो. तीच ‘447 मिलिमीटरच’ हवी असे लिहिले आणि ते माप एकाच उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडत असेल, तर त्याचे नाव कुठेही न छापता इतरांना दार बंद होते. नाव छापणे अटळच असेल, तर ‘किंवा समतुल्य’ हे शब्द जोडण्याची पद्धत इतरांना दार उघडे राहावे यासाठीच आहे.

प्रत्येक अट भेदभावाचीच असते असेही नव्हे. पुलाच्या कामासाठी पूर्वानुभव मागणे रास्त आहे. तो अमुक एका शहरातच मिळवलेला असावा, ही अट मात्र कामाच्या गुणवत्तेशी जोडता येत नाही. म्हणून पडताळताना आधी अट कोणत्या गरजेतून आली, मग ती सैल केल्यास कामाचे काय बिघडेल आणि शेवटी ती किती जणांना पूर्ण करता येते, हे पाहावे. निविदापूर्व बैठक, म्हणजे निविदा भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकण्यासाठीची बैठक, ठेवलेली असल्यास हाच प्रश्न तेथे लेखी विचारता येतो, आणि अट बदलल्यास शुद्धिपत्रक सर्व इच्छुकांना एकाच वेळी मिळायला हवे.