ओकेनाइट घरी नेलंय? मग नळाखाली धरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. प्रदर्शनातून किंवा दुकानातून तुम्ही आमच्याकडून जे काही खनिज-स्फटिक घेतलंत ते नीट घरी पोचलं असेल अशी आशा आहे. हा कागद बॉक्समध्ये घालायचं कारण एकच. प्रत्येक प्रदर्शन संपलं की पुढच्या आठ-दहा दिवसांत आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात आणि त्यातले बरेचसे एकाच प्रकारचे असतात. नेताना पांढराशुभ्र, बोंडातून फुटलेल्या कापसासारखा ओकेनाइट या खनिजाचा गोळा, आणि फोटोत बघावं तर त्याच्या चपट्या वाती झालेल्या, पावसात भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखा दिसतोय. खाली मेसेज: "दादा हे असं कसं झालं, माल खराब निघाला का?"

माल खराब नव्हता हो. तो धुतला गेला.

आता धुण्यामागे कुणाचाही हेतू वाईट नसतो हे आम्हाला माहितीये. दगड म्हटला की आपल्या डोक्यात पाटा-वरवंटा येतो, तो घासायचा, धुवायचा, उन्हात वाळवायचा. घरी नवीन वस्तू आली की आधी पाण्याखाली धरायची ही आपल्याकडची चांगली सवय आहे, पण इथे तीच नडते. ओकेनाइट दगड असला तरी तो हजारो बारीक सुयांचा जुडगा आहे, एकेक सुई केसापेक्षा बारीक, आणि या सगळ्या सुया मधल्या एका बिंदूतून बाहेर फाकलेल्या असतात म्हणून गोळा दिसतो. सुयांच्या मधे हवा असते, त्या हवेमुळेच तो मऊ आणि पांढरा दिसतो. पाणी पडलं की ते या फटींमधे शिरतं, आणि वाळताना शेजारच्या सुयांना एकमेकींकडे ओढतं, ओल्या केसांच्या बटा होतात अगदी तसंच. फरक एवढाच की केस वाळले की मोकळे होतात, ओकेनाइटच्या सुया नाजूक असतात, त्या एकदा चिकटल्या किंवा मोडल्या की परत उभ्या राहत नाहीत.

ठाण्याच्या एक काकू आमच्या जुन्या ग्राहक आहेत, त्यांनी नातवाच्या वाढदिवसाला घेतलेला गोळा स्टीलच्या डब्यातून परत घेऊन आल्या होत्या. नळाखाली धरून, मग हेअर ड्रायरने वाळवलेला. मी त्यांना भिंगाखाली दाखवला, टोकाला सुयांचे झुपके झालेले, रंगाचा ब्रश न धुता वाळला की होतो ना तसे. काकू म्हणाल्या, जुन्या टूथब्रशने विंचरून बघूया का. आम्ही त्यांच्यासमोरच एका कडेला मऊ कोरडा ब्रश अगदी हलका फिरवला, खाली काळा कागद ठेवला होता, त्यावर पिठी पडल्यासारखी पांढरी भुकटी सांडली. त्या सुया होत्या. काकूंनी माझा हात धरून थांबवला. तो गोळा त्या तशाच घेऊन गेल्या, नातवाने त्याला एक नाव दिलंय, आता ते बदलायचं नाही म्हणाल्या.

मिठाच्या पाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं कारण ते आता खूप वाढलंय. रील्स बघून लोक दगड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, ऊर्जा शुद्ध व्हावी म्हणून. ज्याची त्याची श्रद्धा, त्यावर आम्ही बोलणार नाही, आणि आम्ही स्वतः कुठल्याही दगडाने आजार बरा होतो असं सांगून काही विकत नाही. पण दगडाच्या बाजूने बोलायचं तर मिठाचं पाणी वाळतं तेव्हा मीठ सुयांमधे स्फटिक होऊन बसतं आणि ते काढायला परत पाणी लागतं. पायराइट मिठाच्या पाण्याने गंजतो, सेलेनाइट तर साध्या पाण्यातही थोडा थोडा विरघळतो आणि त्याची चकाकी जाते. ज्यांना शुद्धीकरण करायचंच आहे त्यांनी दगड रात्री खिडकीत चांदण्यात ठेवावा, त्याने कशालाच काही होत नाही. फक्त सकाळी ऊन यायच्या आत उचला, कारण ॲमेथिस्टचा जांभळा रंग उन्हात फिका पडत जातो.

आणि कृपा करून ॲसिड नको, व्हिनेगर नको, बाथरूम साफ करायचं लिक्विड तर अजिबातच नको. कॅल्साइटवर ॲसिड पडलं की फेस येऊन तो विरघळतो हे शाळेत सगळ्यांनी बघितलंय, पण झिओलाइटचं, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या एका खनिजगटाचं, काय होतं ते बघितलेलं नसतं. स्टिलबाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट यांचं ॲसिडने पृष्ठभाग मारून टाकल्यासारखं होतं, चमक जाते आणि काहींचा तर अक्षरशः चिकट जेलसारखा थर होतो. खाणीतून माल आल्यावर आम्ही जे साफ करतो ते कुठल्या खनिजाला काय चालतं हे बघून, तासन्‌तास बसून करतो, आणि तुमच्यापर्यंत येणारा पीस साफ झालेलाच असतो. घरी करायचं काही शिल्लक नसतं. धूळ बसली तर कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याने लांबून हवा मारा, बास. ॲपोफिलाइट आणि गारगोटीचे घट्ट मोठे स्फटिक असतील तर साध्या पाण्याने चालतं, पण त्याच मॅट्रिक्सवर, म्हणजे स्फटिकांच्या खालच्या मूळ दगडावर, कोपऱ्यात मेसोलाइटचे केस असतील तर तेही नाही, आधी फोटो पाठवून विचारा.

हे सगळं आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः हात पोळून घेतलेत. पहिल्यांदा अमेरिकेत टुसॉनच्या प्रदर्शनाला गेलो तेव्हाची गोष्ट. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात तिथल्या जेम अँड मिनरल सोसायटीचा शो १९५५ पासून भरतो, आणि आता जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहरभर कितीतरी ठिकाणी एकाच वेळी प्रदर्शनं चालतात, तंबूत, हॉलमधे आणि मोटेलच्या खोल्यांमधेसुद्धा. मोटेलच्या खोलीतला पलंग काढून टाकायचा, टेबलं लावायची, दार उघडं ठेवायचं, ते दुकान. आम्हीही तसंच केलं. पुण्याहून नेलेला माल मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि फिनिक्सहून आलेल्या एक ताई दगड बाजूला ठेवून आधी तो चुरगळलेला कागद सरळ करून उभ्या उभ्या वाचत बसल्या, सातारच्या कुठल्याशा यात्रेची बातमी होती. जाताना कागदही मागून घेतला. त्या आजही आमच्या ग्राहक आहेत.

त्या खेपेला आम्ही लॉमोंटाइट या खनिजाचा एक सुंदर फ्लॅट, म्हणजे नमुन्यांनी भरलेला उथळ खोका, नेला होता, मुंबईकडचा जुना साठा, वडिलांनी जपून ठेवलेला. टुसॉन म्हणजे वाळवंट, हवा एकदम कोरडी. लॉमोंटाइटच्या स्फटिकात पाणी असतं, कोरड्या हवेत ते निघून जातं आणि स्फटिक पांढरा पडून ठिसूळ होतो. हे ऐकून माहिती होतं पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. आठवड्याच्या आत टोकं झडायला लागली, बोट लावलं की चुरा. वडिलांना फोन करून सांगताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. तेव्हापासून लॉमोंटाइट आम्ही विकायलाच ठेवत नाही, कुणी मागितला तरी आधी समजावून सांगतो.

आणि तिथेच ओकेनाइटचं पहिलं नुकसान झालं. एक आजोबा आले, सोबत नात. आजोबांनी विचारलं हा ससा आहे का, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत अंगठ्याने गोळा दाबला. अगदी प्रेमाने दाबला. अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा उमटला त्यात, खोलगट. ते बिचारे इतके ओशाळले की पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत, कारण बोर्ड लावायला मीच विसरलो होतो. तो ठसा उमटलेला गोळा मी परत आणला आणि आता प्रत्येक प्रदर्शनात आमच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात तो असतो, "याला हात लावा" असं लिहिलेला. लहान मुलांना तर तो हातात द्यायचाच. एकदा हाताला कळलं की मऊ दिसणारी गोष्ट किती नाजूक आहे, की मग बाकीच्या टेबलाला कुणी हात लावत नाही. त्यामुळे आम्ही "उचलू नका, मी दाखवतो" म्हणालो तर राग मानू नका, आणि उचलायचाच असेल तर खालच्या काळ्या दगडाला धरून दोन्ही हातांनी उचला, स्फटिकाला धरून कधीच नाही. ॲपोफिलाइट दिसायला काचेसारखा भक्कम असतो पण त्याला एका दिशेने सरळ फुटायची खोड असते, टोकाला धरून उचलला की डोकं हातात आणि बाकी टेबलावर.

बरेच जण विचारतात की वेरूळ-अजिंठ्याला रस्त्यावर हाच दगड दोनशेला मिळतो, तुमच्याकडे दोन हजार का. रस्त्यावरचा माल वाईटच असतो असं मी म्हणणार नाही, तिथेही कधी कधी चांगला पीस मिळतो आणि विकणाऱ्याचं पोट त्यावर आहे. पण फरक कुठे पडतो तो सांगतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यातून झिरपलेल्या गरम पाण्यातून ही खनिजं जमली. बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा ती बऱ्याच लोकांच्या नजरेत आली. आजही पोकळी सापडते ती सुरुंग उडाल्यावर, विहीर खणताना, किंवा क्रशरला जाणाऱ्या दगडात, आणि खाणीचं काम आपल्यासाठी थांबत नसतं. तिथला माणूस ओळखीचा असेल, त्याने वेळेवर फोन केला, पोकळीतला पीस छिन्नीने न दुखवता काढला आणि गाडीत मांडीवर ठेवून पुण्याला आणला तर तो पीस राहतो. नाहीतर त्याची खडी होते. आमच्या किमतीत त्या माणसाचेही पैसे असतात, आणि ते आम्ही चांगले देतो म्हणून तो आम्हाला फोन करतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव पडेल म्हणून थांबणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, राहिलेला माल आम्ही परत नेतो, तो नासत नाही.

रंगाचंही एक बघा. गुलाबी, निळा, हिरवा ओकेनाइट कुठे दिसला तर तो रंगवलेला आहे, ओकेनाइट पांढराच असतो, फार तर किंचित पिवळसर किंवा निळसर झाक असते. रंगवायला तो रंगात बुडवावाच लागतो, म्हणजे वर लिहिलंय ते सगळं नुकसान आधीच झालेलं असतं. खरा निळा हवा असेल तर वाघोलीचा कॅव्हनसाइट बघा, तो निळा व्हॅनेडियमचा आहे आणि जगात इतका सुंदर दुसरीकडे फारसा मिळत नाही. हिरवा हवा असेल तर पुण्याच्या पाषाणचा किंवा राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा ॲपोफिलाइट, तोही रंग आतला. दोन्ही आमच्याकडे असतात, छोट्या थंबनेलपासून, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या नमुन्यापासून, कपाटात ठेवायच्या मोठ्या पीसपर्यंत. आणि घ्यायचं नसेल, नुसतं बघायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना घेऊन एकदा जाऊन या, मग आपल्या पायाखाली काय आहे ते समजेल.

बॉक्समधे एक छोटी चिठ्ठी असेल, खनिजाचं नाव, जागा आणि आम्ही तो कधी घेतला त्याची तारीख. ती फेकू नका. नंतर विकायचं ठरलं किंवा कुणाला द्यायचं ठरलं तर जागेची माहिती नसलेल्या पीसची किंमत बरीच खाली येते, आणि दहा वर्षांनी फोटो बघून तो कुठल्या खाणीचा हे आम्हालाही छातीठोक सांगता येणार नाही.

परत घेण्याबद्दल. प्रवासात तुटला असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, बदलून देऊ, त्यात कधी घासाघीस केलेली नाही. पण पाण्यात गेलेला ओकेनाइट आम्ही परत घेत नाही, आणि हे लपवून ठेवण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं. भिंगाखाली भिजलेला आणि न भिजलेला लगेच ओळखू येतो. मागच्या वर्षापासून आम्ही ओकेनाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट झाकणाच्या ॲक्रिलिक डबीतच देतो, तळाचा दगड डबीला चिकटवलेला, सुया कशालाही टेकणार नाहीत असा. डबीचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांनी आधी उघडा पीस घेतलाय त्यांनी तो दुकानात आणला तर तशीच डबी बसवून देऊ, शनिवारी दुपारी या, येताना पीस कापसात गुंडाळू नका, कापसाचे धागे सुयांत अडकतात. रिकाम्या चपलेच्या खोक्यात तळाशी वर्तमानपत्र चुरगळून त्यात काळी बाजू रुतवून आणा, वरून काही टाकू नका, आणि गाडीत खोकं मांडीवर घ्या.