थेंब टाकून ओढलेली वाफ ‘शुद्ध’ असते का?

ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये एक समज बरीच वर्षं टिकून आहे: द्रव भरून ठेवायच्या टाकीपेक्षा कॉइलवर (तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) थेट थेंब टाकून ओढलेली वाफ शुद्ध, म्हणून कमी घातक. चव ठसठशीत लागते, हे अनेकांना पटेल. पण चव म्हणजे शुद्धता नव्हे.

द्रव दोन्हीकडे तोच: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटीन. (म्हणजे ‘नुसती पाण्याची वाफ’ हेही खोटंच.) फरक पडतो तो कॉइलमधल्या कापसाला द्रव किती सलग मिळतो यावर. कापूस ओला असेल तोवर बरीचशी उष्णता द्रवाची वाफ करण्यातच खर्च होते आणि तार आटोक्यात राहते. ग्लिसरीन सुमारे २९० अंश सेल्सिअसला उकळतं. टाकलेले थेंब मात्र काही झुरक्यांत संपतात. कापूस सुकला की तार भलतीच तापते, उरलेल्या द्रवाचं विघटन होतं आणि फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन यांसारखी विषारी रसायनं तयार होतात. घशाला झोंबणारा तो करपट झुरका म्हणजे हीच स्थिती. मुळात त्याआधीही ही रसायनं थोडीफार बनत असतातच, चवीला कळत नाहीत इतकंच.

बाटली दाबून खालून द्रव चढवणारी उपकरणं टाकी आणि थेंब या दोहोंच्या मधली. दाबायला विसरलात की तीही करपतात. टाकीही सोवळी नाही. द्रव तळाला गेला किंवा वॅट (तारेला मिळणारी वीज) जास्त ठेवले की तिथंही तेच घडतं.

थेंबांच्या पद्धतीत बाटली वारंवार उघडावी लागते, हे वेगळंच. सांडलेल्या द्रवातलं निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं.