वेलनेसवरचा खर्च तिपटीने वसूल होतो का?

‘कर्मचाऱ्यांच्या वेलनेसवर, म्हणजे कंपनीतल्या व्यायाम-आहारासारख्या आरोग्य कार्यक्रमांवर, एक रुपया खर्च करा, उपचारखर्चात तीन वाचतात,’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतो आहे. पटण्यासारखाच आहे. पण असे आकडे बऱ्याचदा भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या तुलनेतून येतात. सकाळी सातच्या योगवर्गाला येतं कोण? बहुधा आधीच धडधाकट असलेला. म्हणजे फरक कार्यक्रमाच्या आधीचाच!

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अमेरिकी चाचणीत सुमारे ३३,००० कर्मचारी होते. १६० पैकी २० ठिकाणी कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने नियमित व्यायाम करतो म्हणणारे तिथे जास्त निघाले. उपचारखर्च, गैरहजेरी, कामगिरी यांत मात्र ठळक फरक नव्हता. दीर्घकाळाचं चित्र वेगळं असू शकतं. पुढचा आकडा आला की विचारा: तुलना कोणाशी केली?