स्कोपचा नॉब संपला? मागच्या रिंगेत पत्रा घाला

गोळी नळीतून सुटली की आधी थोडी वर चढते आणि मग खाली येते, असं सांगलीत मला अनेकांनी अगदी ठामपणे सांगितलं आहे. १ ऑगस्ट २०२४ ला शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर नेमबाजीचे जाणकार वाढले आणि त्यांच्याबरोबर हे वाक्यही. (त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, चालतच नाही. तरी 'त्याचा स्कोप कुठला?' असं विचारणारे भेटतात.)

गोळी नळीच्या रेषेच्या वर कधीच चढत नाही. सुटल्या क्षणापासून ती नळीच्या रेषेखाली पडत असते. नळीचं तोंडच नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेलं असतं, म्हणून ती नजरेच्या रेषेच्या मानानं चढते. स्कोप झिरो करायचा, म्हणजे नजर रोखली तिथेच गोळी लागेल असं करायचं, तर या दोन रेषांमधला कोन बसवायचा, एवढंच.

हा कोन केवढा? साधी ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घेऊ. छर्‍याचा सरासरी वेग सेकंदाला १७५ मीटर धरला, तर ५० मीटरवरच्या कागदापर्यंत जायला ०.२९ सेकंद लागतात. दहावीचं सूत्र लावा: तेवढ्या वेळात तो साधारण ४० सेंटिमीटर पडतो. स्कोप नळीच्या ५ सेंटिमीटर वर बसलेला असतो, ते मिळवा. ५० मीटरला ४५ सेंटिमीटर, म्हणजे ९ मिलिरेडियन. (१ मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरला १० सेंटिमीटर.)

आता समजा हा कोन बसवणाऱ्या, स्कोपच्या वरच्या नॉबची एकूण फिरत एक अंश आहे. मधोमध उभं राहिलं तर अर्धा अंश वर, अर्धा खाली. अर्धा अंश म्हणजे ८.७ मिलिरेडियन. पाहिजेत ९. नॉब टोकाला जाऊन अडतो आणि छर्रे अजून खालीच लागतात. त्यात नळी मोडून भरायच्या रायफलींची नळी पुष्कळदा मुळातच जरा खाली झुकलेली असते, म्हणजे तूट आणखी वाढते. अशा वेळी 'रायफलला नजर लागली' म्हणणारेही आहेत. खंडेनवमीला शस्त्राची पूजा खुशाल करावी, पण लिंबू उतरवून ०.३ मिलिरेडियन मिळत नाहीत. खोक्यावर छापलेल्या भल्यामोठ्या झूमनंही मिळत नाहीत. झूम वाढवलं की चुकलेलं भोक मोठं दिसतं, बस्स.

मला खरी मजा वाटते ती नॉबच्या आत. स्कोपच्या बाहेरच्या नळीत दुसरी एक बारीक नळी असते. पुढच्या भिंगानं उलटी केलेली प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली असतात. ही आतली नळी डोळ्याकडच्या टोकाला टेकलेली असते आणि तिचं पुढचं टोक हलतं. वरून नॉबचा स्क्रू तिला दाबतो, खालून स्प्रिंग रेटते. नॉब 'वर' फिरवला की स्क्रू मागे सरतो आणि स्प्रिंग नळीला वर ढकलते. प्रतिमा तिथे उलटी असल्यामुळे आतली नळी वर गेली की नजर खाली जाते, आणि नजर निशाणावर आणायला आपण रायफल उचलतो. नॉब वरच्या टोकाला पोचला की स्प्रिंग सर्वांत कमी दाबलेली असते, तिचा रेटा सर्वांत कमी. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का दोन्ही दिशांना बसतो. पिस्टन पुढे पळताना रायफल मागे येते, पिस्टन थांबला की पुढे हिसका देते. त्या हिसक्यात ढिली नळी जागा सोडते. मग ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो आणि दोष छर्‍यांना मिळतो.

दुसरी अडचण भूमितीची. आतल्या नळीला हलायला जागा गोल असते. त्रिज्येच्या नऊ-दशांश वर गेलात, तर पायथागोरसच्या हिशेबानं डावी-उजवीकडची हालचाल मूळच्या ४४ टक्क्यांवर येते.

यावर उपाय म्हणजे शिम. कुपवाडच्या एमआयडीसीत पंपाला मोटर जोडताना मोटरच्या पायाखाली ब्रासची शिम सरकवतात, तसंच इथे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या दोन रिंगांपैकी मागच्या रिंगेच्या खालच्या अर्ध्या भागात पातळ पत्रा ठेवायचा. स्कोपचं मागचं टोक उचललं जातं, पुढचं झुकतं. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल, तर ०.१ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे नेमका १ मिलिरेडियन, ५० मीटरला ५ सेंटिमीटर. थंड पेयाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण तेवढाच असतो. यानं नॉबची फिरत काडीभरही वाढत नाही. खाली वाया जाणाऱ्या अर्ध्यातला थोडा भाग वापरात येतो आणि आतली नळी मध्याच्या जरा जवळ येते, एवढाच फायदा. माझ्या मते तो पुरेसा आहे.

पत्र्यावर पत्रा मात्र चढवू नका. रिंगा सरळ रेषेत राहतात आणि स्कोप तिरका होतो, त्यामुळे रिंगांच्या कडा स्कोपच्या नळीत रुततात. पाव मिलिमीटरच्या पुढे गेलात तर नळीवर वळ उठतील, नाहीतर ती वाकेल. जास्त कोन हवा असेल तर उतरता बेस, म्हणजे रिंगांखालची पट्टी, घ्यावा. २० मिनिटांच्या (कोनाची मिनिटं, अंशाचा साठावा भाग) बेसमध्ये १०० मिलिमीटरला ०.५८ मिलिमीटरचा उतार असतो आणि दोन्ही रिंगा एकाच कलत्या रेषेत बसतात. आत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या असलेल्या रिंगाही मिळतात, त्यांत नळीवर ताण येत नाही.

पत्रा घातल्यावर स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा आणि नॉब न हलवता ग्रुप मारून बघा. ०.१ च्या पत्र्याला ५० मीटरवर ग्रुप ५ सेंटिमीटरच्या आसपास वर गेला नाही, तर पत्रा नीट बसलेला नाही किंवा रिंग सरकते आहे. आधी तेच तपासा.